जुन्या गिटारच्या सुट्या भागांचे रंगकाम, सोलापूर

जुन्या गिटारच्या खुंट्या, ब्रिज (तारा टेकतात तो भाग), पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकांची) झाकणे, नॉब, पिकगार्ड (गिटारच्या अंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी) असे धातूचे व प्लास्टिकचे भाग साफ करून, उजळून किंवा नव्याने रंगवून पुन्हा वापरात आणण्याचे काम. सतार-तंबोऱ्यांसाठी सोलापूरकरांना मिरज जवळ आहे. गिटारच्या या कामाला मात्र मोटारींना ड्युको मारणाऱ्या पेंटरचाच हात उपयोगी पडतो.

भाग रंगवावा का, हा पहिला प्रश्न. आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘नको’ असेच असते. निकेलचा मुलामा पिवळसर, धुरकट होतो, पण मऊ कापड व मेटल पॉलिशने तो बऱ्यापैकी उजळतो. क्रोमची निळसर चमक टिकते. मात्र घामातल्या मिठाने त्याला बारीक खड्डे पडतात आणि खालचा गंज वर येतो. असे खड्डे घासून भरत नाहीत, तेथे प्लेटिंग किंवा रंग हाच उपाय. जुने क्रोम घरी ॲसिडने उतरवू नये, क्रोमियम-निकेलचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. पिकअपजवळ स्टील वूल तर नकोच: तुटलेले तंतू चुंबकाला चिकटून बसतात.

गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही. भाग सोडवून, रॉकेलने व मग साबणाने चिकटा काढून, ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने चमक मरेपर्यंत ओले घासतात. त्यावर एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला थर) आणि रंगाचे पातळ हात. खुंटीचे दात, स्क्रूचे आटे आणि तार टेकते ती सॅडलची जागा टेपने झाकायची. इलेक्ट्रिक गिटारमध्ये याला विशेष महत्त्व आहे. तारांचे अर्थिंग ब्रिजमधून जाते. सॅडलवर किंवा अर्थिंगची वायर टेकते तेथे रंग बसला की हा मार्ग तुटतो आणि ॲम्प्लिफायरमधून घूं असा आवाज सुरू होतो. म्हणून रंगकामानंतर तारेपासून जॅकपर्यंत (केबल लावतात त्या जागेपर्यंत) मार्ग जोडलेला आहे का, हे मल्टिमीटर लावून पाहावे.

पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण त्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची. प्लास्टिक व सोल्डरचा डाग देऊन जोडलेले भाग त्यात घालता येत नाहीत, आणि जस्ताच्या ओतीव भागांत अडकलेली हवा फुगून रंगाला फोड येतात.

सोलापूरच्या हवेत वेळ साधणे हे अर्धे काम आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. त्यामुळे फवारणी सकाळी लवकर उरकावी. पावसाळ्यात दमटपणाने लॅकरवर पांढुरकी झाक येते. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी कापसाची तूस ओल्या रंगावर बसते, म्हणून आधी जमिनीवर पाणी शिंपडून घ्यावे.

प्लास्टिकला हात लावण्याआधी ते कोणते आहे हे ओळखावे. जुने पिकगार्ड सेल्युलॉइडचे असू शकते. अंगठ्याने जोरात चोळले की त्याला कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. ते झटकन पेट घेते, तेव्हा ज्वालेने परीक्षा करू नये. कुजू लागले की ते आम्लाची वाफ सोडते. बंद पेटीतल्या गिटारचे धातूचे भाग अचानक गंजू लागले, तर संशय आधी पिकगार्डवर घ्यावा. एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे भाग ॲसिटोनने विरघळतात, ड्युकोच्या थिनरनेही मऊ पडतात. त्यांना प्लास्टिक प्रायमर व अगदी हलके हात लागतात.

पिवळे पडलेले एबीएस हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवल्यास पांढरे होते. हातमोजे हवेत, आणि लेप वाळू देऊ नये, नाहीतर पट्टे उमटतात. तिहेरी थराचे पिकगार्ड रंगवणे शक्यतो टाळावे. त्याच्या तिरप्या कडेवर पांढऱ्या थरांमधली काळी रेघ दिसते. रंगाच्या एका हाताने ती बुजते, आणि परत काढायची तर सगळी कड नव्याने तासावी लागते.