व्हीलचेअर अंगाला बसायला हवी

रुग्णालयाच्या दारात उभी असते ती व्हीलचेअर दुसऱ्याने ढकलायची, घटकाभरापुरती. तीच घरी आणून माणसाने वर्षानुवर्षं तिच्यात बसावं, हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो.

आसन फार रुंद असेल तर हात फाकवून चाकं फिरवावी लागतात, खांदे भरून येतात आणि अंग एका बाजूला कलतं. फूटरेस्ट उंच असेल तर मांड्या उचलल्या जाऊन सगळा भार बुडावर येतो. ज्याला कमरेखाली संवेदना नाही, त्याला तिथे बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, होतोय हे कळतसुद्धा नाही. म्हणून गादी नीट हवी आणि अधूनमधून भार हलवायला हवा.

खरी गंमत मागच्या चाकाच्या आसात आहे. आस थोडा पुढे सरकवला की पुढच्या लहान चाकांवरचा भार घटतो, खुर्ची हलकी पळते, वळतेही चटकन. फार पुढे नेला तर मात्र ती मागे कलंडते. बसणाऱ्याचं वजन आणि ताकद बघूनच ही जागा ठरवायची. खुर्ची बसणाऱ्यासाठी घडवायची ही गोष्ट जुनीच आहे. 1655 च्या सुमारास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या श्टेफान फारफ्लर या पायांनी अधू घड्याळजीने हाताने चालवायची गाडी बनवली ती स्वतःसाठीच. 1933 ची घडीची खुर्ची हॅरी जेनिंग्ज या अभियंत्याने बनवली, खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्ट या मित्रासाठी.

पुढचा प्रश्न जमिनीचा. गोव्यातल्या जुन्या घरांची जोती पावसामुळे उंच, बलकांवाला, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीला, तीन-चार पायऱ्या असतातच. 45 सेंटिमीटर चढायचे तर 1:12 या प्रमाणात, म्हणजे उंचीच्या बारापट, 5.4 मीटर लांब रॅम्प लागतो. माणूस आणि खुर्ची मिळून 90 किलो धरले, तर अशा चढावर साधारण साडेसात किलोचा जोर सतत लावावा लागतो. जागा नाही म्हणून रॅम्प निम्मा केला की हाच जोर दुप्पट होतो. मिरामारच्या किनाऱ्यावरच्या वाळूत तर पुढची चाकं रुततातच. तिथे भार पसरवणारे रुंद, कमी हवेचे टायर लागतात. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हापासून अशा गोष्टींवर इथे उघड बोललं जातंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

घरी खुर्ची असेल तर टायरची हवा दर आठवड्याला बघा. बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवरच दाबला जातो. हवा कमी असली की तो धरत नाही, आणि फेरीबोटीच्या उतरत्या धक्क्यावर खुर्ची घसरू शकते.