धुरा, पऱ्हाटी, पाचट अन् कचरा: पेटवायचे नियम नेमके आले कुठून

मार्च लागला की व्हॉट्सअपवर तो मेसेज फिरायला लागतोच, शेतात काडीकचरा पेटवला तर पंधरा हजार दंड, आता तर म्हणे तीस हजार. आकडे खोटे नाहीत, पण ते आपले नाहीत. 10 डिसेंबर 2015 ला राष्ट्रीय हरित लवादानं (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) दिल्लीच्या धुरावरून दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान अन् यूपीसाठी दर ठरवून दिले, दोन एकरच्या आत 2500, पाच एकरपर्यंत 5000 अन् त्याच्या वर 15000. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं हे दुप्पट केले, तेही दिल्ली अन् तिच्या आजूबाजूच्या पट्ट्यापुरतेच. तिकडं भाताचं तणस जळतं, मराठवाड्यात भात आहेच किती. तरी मेसेज येतो अन् लोक घाबरतात, किंवा हसून सोडून देतात, हे जास्त.

मग इथं लागू काय आहे? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, फौजदारी कायदा हैदराबाद संस्थानचा स्वतःचा होता, भारतीय दंड संहिता आपल्याकडं आली ती 1951 मध्ये. कायदा मूळचा 1860 चा, त्यामुळं आगीकडं बघायची नजर जुनीच, म्हणजे धूर किती झाला याच्याशी मुख्य कलमांना फारसं घेणंदेणं नाही, कोणाचा जीव धोक्यात आला अन् कोणाचा माल जळाला एवढंच. कलम 285 म्हणजे निष्काळजीपणानं आग हाताळली अन् माणसाच्या जिवाला धोका झाला तर सहा महिने किंवा हजार रुपये. कलम 435 म्हणजे मुद्दाम आग लावून नुकसान केलं तर सात वर्षांपर्यंत. यात एक गंमत बघा, इतर मालमत्तेचं नुकसान 100 रुपयांचं असावं लागायचं पण शेतमालाचं 10 रुपयांचं झालं तरी कलम लागायचं. कडब्याच्या गंजीची किंमत गोऱ्या साहेबालाही कळत होती म्हणायची. धुरासाठी 278 होतं, हवा आरोग्याला घातक केली तर 500 रुपये दंड, पण गावात ते कोणावर लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, 285 चं 287 झालं अन् दंड 2000, 278 चं 280 झालं अन् दंड 1000, बाकी गाभा तोच.

अडचण होते ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. उन्हाळ्यात नांगरट झाली की धुऱ्यावरचं वाळलेलं गवत, कुंदा, हराळी, बोराटीच्या काट्या, साप-विंचवाची भीती, हे सगळं एका काडीत मोकळं होतं म्हणून माणूस दुपारी पेटवतो अन् चहाला जातो. वारं फिरलं की शेजाऱ्याची ठिबकची नळी वितळलेली, आंब्याचं झाड एका अंगानं करपलेलं, अन् नशीब फारच वाईट असलं तर गंजी गेली. आता जुन्या 435 ला (नव्या संहितेत 326) हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते, जुन्या 285 ला (आताचं 287) माणसाच्या जिवाला धोका, अन् इथं दोन्ही नाही, मग ठाण्यात नोंद होते आकस्मिक जळीत म्हणून. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) येऊन पंचनामा करतो, अन् खरा निकाल लागतो पारावर चार माणसांत, दोन गाड्या कडबा भरून दे म्हणून.

पण मला विचाराल तर या सगळ्यात खरा बदल कायद्यात नाही, जळणाऱ्या मालात झालाय. पऱ्हाट्या अन् तुराट्या (कापसाची अन् तुरीची वाळकी झाडं) ह्या आधी कचरा नव्हत्याच, ते सरपण होतं, बाया मोळ्या बांधून आणायच्या, तुराट्यांचे कूड व्हायचे, चूल वर्षभर त्यावर. ज्वारीचा कडबा तर जनावरांचा जीव, तो कोण पेटवेल. मग सोयाबीन आलं अन् ज्वारी मागं सरली, बैल कमी झाले, 2016 मध्ये उज्ज्वला आली अन् घरोघरी गॅस पोचला, तो महागला की चूल परत पेटते हा भाग वेगळा. पऱ्हाटी मात्र आता रानातच ढिगानं जळते. त्यात 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला अन् फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या उपटून नष्ट करा असा सल्ला सगळीकडून सुरू झाला, आता नष्ट करा म्हणलं की शेतकऱ्याला सगळ्यात स्वस्त काय ते सांगायला नको. श्रेडरनं कुट्टी करा हेही सांगितलं जातं, पण ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार.

शहरातली गोष्ट वेगळी. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्यानं राज्याला अधिकार दिला की ठरवलेल्या क्षेत्रात जळण सोडून इतर काही जाळायला बंदी घालता येईल. घनकचऱ्याच्या 2000 च्या नियमांत कचरा अन् वाळका पाला जाळू नये हे आलं, 2016 च्या नियमांत रस्त्यावर अन् सार्वजनिक जागेत जाळायला मनाई झाली, अन् 22 डिसेंबर 2016 ला लवादानं देशभरासाठी उघड्यावर कचरा जाळण्यावरच पूर्ण बंदी घातली, साधं जाळलं तर 5000, मोठ्या प्रमाणावर तर 25000. म्हणजे घरामागच्या परसात कॅरीबॅगा पेटवणंही यात आलं. अन् वर्ष-दीड वर्षातच, 2018 च्या फेब्रुवारीत, औरंगाबादमध्ये नारेगावच्या लोकांनी कित्येक दशकांचा कचरा डेपो बंद पाडला, कचऱ्याला जागा नाही, मार्चमध्ये मिटमिट्यात त्यावरूनच दगडफेक-जाळपोळ झाली, अन् गल्लोगल्ली ढीग धुमसत होते. बंदी कागदावर अन् ढीग दारात अशी अवस्था. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद), जालना अन् लातूर ही तीन नावं आली, तेव्हापासून महापालिकांच्या आराखड्यात कचरा जाळणं हा मुद्दा पक्का बसला. शेकोटी अन् हुरड्याची आगटी यांच्या वाट्याला मात्र सहसा कोणी जात नाही, गवऱ्यांच्या आरातलं कणीस हातावर चोळणाऱ्याला पावती फाडायची हिंमत अजून कोणात आलेली नाही.

राहिला ऊस. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट (उसाचा वाळका पाला) निघतं, कुजवलं तर 40-50 किलो नत्र परत जमिनीला मिळतं हे कृषीवाले वर्षानुवर्षं सांगतात, अन् बरेच जण आता कुट्टी करायलाही लागलेत. पण 2021-22 च्या हंगामात ऊस इतका झाला की कारखाने जूनपर्यंत चालले, तोडीला मजुरांची टोळी मिळेना, अन् मिळाली तर पेटवून द्या मगच तोडतो म्हणायची, कारण पाचट गेलं की तोडणी झपाट्यानं होते. तसा ऊस कारखान्यावर गेला की जळीत म्हणून वजनात कपात. तेव्हा ऊस पेटवायचा का नाही हे लवादाच्या आदेशापेक्षा टोळीचा मुकादम अन् काट्यावरची कपात या दोघांवरच ठरतं.