बलुते पद्धती : समूह, व्यक्ती व बाजार यांविषयीचा वाद

गावच्या कारागिरांना व सेवेकऱ्यांना प्रत्येक कामाचे वेगळे दाम न देता सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा द्यायचा, हा दख्खनमधील वतनी, म्हणजे पिढीजात हक्काने चालणारा, रिवाज. हा वाटा म्हणजे बलुते, आणि तो घेणारे ते बलुतेदार. बारा बलुतेदारांच्या याद्या गावोगाव आणि लेखकागणिक बदलतात. थोरली, मधली व धाकटी कास ही त्यांची तीन दर्जांची प्रतवारी मात्र बरीच स्थिर दिसते. अर्थविचारात या पद्धतीला महत्त्व आले ते एका प्रश्नामुळे : बलुतेदार कोणाचा चाकर होता, एकेका कुणब्याचा की साऱ्या गावाचा?

ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात गावाला जवळजवळ स्वयंपूर्ण राज्याचे रूप दिले. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) हिंदी गावातील लोहार, सुतार, कुंभार, न्हावी यांना सगळा समाज पोसतो, असे मांडले. ब्रिटिश मुलकी अधिकारी बेडन-पॉवेलने १८९६ मध्ये या चित्राला मोठा छेद दिला : दख्खनमध्ये जमीन सामाईक नव्हती, ज्याची त्याची होती. तेव्हा समूह शोधायचा तर तो जमिनीच्या मालकीत नव्हे, अन्यत्र शोधावा लागतो.

तो श्रमाच्या व्यवस्थेत सापडतो, असे मानणाऱ्यांना जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरची एक संकल्पना उपयोगी पडली. होमरकालीन ग्रीसमधील ‘देमिउर्गोस’ या शब्दावरून वेबरने गावाने ठेवलेल्या, गावासाठी राबणाऱ्या व वस्तुरूप मोबदला घेणाऱ्या कारागिरीचा वर्ग कल्पिला. उलट अमेरिकन मिशनरी वाइझरने उत्तर प्रदेशातील एका गावाच्या पाहणीवरून १९३६ मध्ये जजमानी पद्धतीचे वर्णन केले. तीत संबंध घराण्या-घराण्यांतला असतो : अमुक सुतार अमुक घरांचा. हे वर्णन पुढे साऱ्या हिंदुस्थानाला लावण्यात आले. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ च्या निबंधात अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे दाखवले, की महाराष्ट्रातील बलुतेदार हे गावाचे सेवक होते. त्यांचे हक्क गावाच्या शिवाराशी बांधलेले होते. कागदांचा सूरही तसाच आहे. वाद मिटवणाऱ्या महजरांवर (गावसभेच्या निवाडापत्रांवर) पाटलाच्या नांगराशेजारी न्हाव्याच्या आरशाची निशाणी येते, आणि बोलणारा पक्ष म्हणून ‘समाकुल पांढरी’, म्हणजे सारी गाववस्ती, उभी राहते. १९८९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फुलर यांनी तर अखिल भारतीय जजमानी पद्धत ही संकल्पनाच नाकारली. उपलब्ध पुराव्यावर, निदान देशावरील गावांपुरते, फुकाझावांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

मात्र समूह होता म्हणजे बाजार नव्हता, असे नाही. पेठा होत्या, आठवडे बाजार भरत. बलुत्याच्या बाहेरचे काम रोखीने होई. शिवाय वतन ही वारशाने चालणारी मालमत्ता होती : त्याच्या तक्षिमा (वाटण्या) पडत, ते विकलेही जाई. सेवेचा भाव बाजारात ठरत नसला तरी सेवेच्या हक्काला मोल होते. वतनदारांबरोबर उपरी (वतन नसलेले, बाहेरून आलेले) बलुतेदारही असत. गाव म्हणजे बंद पेटी होती, ही कल्पना त्यामुळे टिकत नाही.

या पद्धतीतील व्यक्तीचे काय, हा प्रश्न युरोपीय चर्चेत जवळपास आलाच नाही. तो येथील लेखकांनी उभा केला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त (१९१५) तो मुख्यतः कुणब्याच्या बाजूने मांडला : काम पिढीजात ठरलेले, म्हणून त्यात हयगय होते आणि बोजा शेतकऱ्यावर पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो राबणाऱ्याच्या बाजूने मांडला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आणले. गावाचा वतनी सेवक असलेल्या महाराला कामाचे तास नव्हते, कामावर घरातील इतरांनाही जावे लागे, आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. गाव हाच मालक असल्यावर गावातच राहून दुसरा मालक शोधणार कोठे? ग्रामसमूहाचे कौतुक करणाऱ्या लेखनात ही बाजू येत नाही, आणि ही त्रुटी लहान नाही.

विधेयक पुढे मागे घेतले गेले. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने संपली. त्यानंतरही न्हावी, सुतार यांना वर्षाचे धान्य देण्याची चाल काही भागांत राहिली. पण ती घरोघरच्या कराराने, गावाच्या नावाने नव्हे. वाइझर यांच्या चित्राशी मिळतीजुळती अशी ही व्यवस्था महाराष्ट्रात मूळची नसून वतनी गाव मोडल्यावर उरलेली असावी.