समन्वयमंत्री (ब्रिटन, १९५१–५३)

अनेक खाती आणि त्यांच्या अखत्यारीतील स्वायत्त महामंडळे यांच्या कारभारात मेळ घालण्यासाठी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी १९५१ मध्ये नेमलेले वरिष्ठ मंत्री. वृत्तपत्रांनी त्यांना ‘ओव्हरलॉर्ड’ (इतर मंत्र्यांवरचा अधिपती) म्हटले व हेच नाव रूढ झाले. ही व्यवस्था दोन वर्षेही टिकली नाही. तरीही संसदीय राज्यपद्धतीच्या अभ्यासात तिला महत्त्वाचे स्थान आहे, कारण समन्वयाचे काम एकाकडे आणि कायदेशीर अधिकार दुसऱ्याकडे ठेवले असता उत्तरदायित्वाचे काय होते, हे तिच्यामुळे प्रत्यक्ष कारभारात दिसून आले.

असा प्रयोग ब्रिटनमध्ये पूर्वी एकदा झाला होता. मार्च १९३६ मध्ये सर टॉमस इन्स्किप यांना संरक्षण समन्वयमंत्री करण्यात आले. नौदल, भूदल व हवाई दल यांची तीन स्वतंत्र खाती आणि त्यांचे तीन स्वतंत्र मंत्री कायम राहिले. इन्स्किप यांच्याकडे ना मोठे खाते होते, ना आदेश देण्याचा अधिकार. तेव्हा त्यांची पुष्कळ टर उडवली गेली, पण ती पूर्णपणे न्याय्य नव्हती. नौदलाच्या विमानदलाचा ताबा नौदलाकडे परत देण्याचा निर्णय आणि बाँबफेकी विमानांपेक्षा लढाऊ विमानांना अग्रक्रम देण्याचा आग्रह या दोन्ही गोष्टी १९३७ मध्ये त्यांच्याच शिफारशींमुळे पुढे आल्या. एप्रिल १९४० मध्ये हे पद रद्द झाले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान झालेल्या चर्चिल यांनी संरक्षणमंत्रिपद स्वतःकडे घेतले. युद्धकाळात मोजक्या सहकाऱ्यांच्या हाती व्यापक सूत्रे सोपवून कारभार हाकण्याचा जो अनुभव त्यांनी घेतला, तोच १९५१ च्या योजनेमागे होता.

दरम्यान राज्ययंत्रणेचे स्वरूप पालटले होते. ॲटली यांच्या मजूर सरकारने कोळसा, वीज, रेल्वे व गॅस या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण करून ते नॅशनल कोल बोर्ड, ब्रिटिश इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटी, ब्रिटिश ट्रान्सपोर्ट कमिशन यांसारख्या महामंडळांकडे सोपवले होते. दैनंदिन कारभार महामंडळाने पाहावा, मंत्र्याने राष्ट्रहिताच्या बाबतीत सर्वसाधारण स्वरूपाचे निर्देश तेवढे द्यावेत, अशी या कायद्यांची रचना होती. त्यामुळे समन्वय साधायचा तो केवळ दोन-तीन खात्यांमध्ये नव्हे, तर मंत्र्यालाही थेट हुकूम देता येत नाही अशा संस्थांशीही साधायचा होता.

ऑक्टोबर १९५१ मध्ये पुन्हा सत्तेवर येताच चर्चिल यांनी लॉर्ड वूल्टन यांच्याकडे अन्न व शेती या खात्यांचा, तर लॉर्ड लेदर्स यांच्याकडे वाहतूक, इंधन व वीज यांचा समन्वय सोपवला. वूल्टन युद्धकाळात अन्नमंत्री होते आणि लेदर्स यांनी युद्धकालीन वाहतूक सांभाळली होती. निवड अननुभवी माणसांची नव्हती. लॉर्ड चेरवेल यांच्याकडे अणुऊर्जेसह विज्ञानविषयक बाबींची देखरेख आली. अर्थ, व्यापार व पुरवठा यांवर देखरेख ठेवण्यासाठी सर जॉन अँडरसन यांना विचारण्यात आले, परंतु त्यांनी नकार दिला. समन्वयमंत्री मंत्रिमंडळात होते. ज्यांच्या खात्यांचा समन्वय साधायचा ते शेतीमंत्री सर टॉमस डग्डेल आणि अन्नमंत्री ग्विलिम लॉइड जॉर्ज मात्र मंत्रिमंडळाबाहेर राहिले.

शेती आणि अन्न यांच्या बाबतीत समन्वयाची गरज खरोखरीची होती. शेती खात्याला शेतकऱ्याच्या मालाला चांगला भाव हवा होता आणि रेशनवर स्वस्त अन्न पुरवण्याची जबाबदारी असलेल्या अन्न खात्याला खर्च आटोक्यात ठेवायचा होता. हा वाद दोन मंत्र्यांनी आपसात मिटवण्यासारखा नव्हता. परंतु तो मिटवणाऱ्या वूल्टन यांचा निर्णय कोणाच्या नावाने निघणार आणि त्याचा जाब कोण देणार, याचे उत्तर योजनेत नव्हते. वूल्टन व लेदर्स दोघेही हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य असल्याने हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांना प्रश्नच विचारता येत नव्हता. जे मंत्री उत्तर देत, त्यांचा निर्णय खरोखर त्यांचाच आहे काय, अशी शंका विरोधकांना येई.

१९५२ च्या वसंतात हा पेच चव्हाट्यावर आला. रेल्वेच्या प्रवासभाड्यातील वाढ रोखण्यासाठी सरकारने ट्रान्सपोर्ट कमिशनच्या कामात हस्तक्षेप केला आणि त्यावरून कॉमन्समध्ये वादळ उठले. त्याच सुमारास वूल्टन यांनी लॉर्ड्समध्ये स्पष्ट केले की, समन्वयमंत्र्याचे काम मंत्रिमंडळाच्या अंतर्गत आहे आणि संसदेला जबाबदार आहे तो त्या-त्या खात्याचा मंत्रीच. मे महिन्यात चर्चिल यांनीही कॉमन्समध्ये हीच भूमिका मांडली: समन्वयमंत्र्याला कायद्याने दिलेला अधिकार नाही, तो खात्याच्या मंत्र्याला आज्ञा देऊ शकत नाही आणि मतभेद झाल्यास विषय मंत्रिमंडळापुढे जातो. घटनात्मकदृष्ट्या हे विवेचन निर्दोष होते. पण त्यामुळेच योजनेचा आधार गेला, कारण वाद अखेर मंत्रिमंडळानेच सोडवायचे तर ते काम मंत्रिमंडळाची उपसमितीही करू शकली असती. ॲटली यांच्या काळात नेमके तसेच होत होते. हर्बर्ट मॉरिसन यांच्यासारखे ज्येष्ठ मंत्री अशा समित्यांच्या अध्यक्षपदावरून, कोणतीही जाहीर उपाधी न लावता, खात्यांना एकत्र आणत असत.

सप्टेंबर १९५३ मध्ये ही व्यवस्था बंद करण्यात आली. लेदर्स सरकारमधून बाहेर पडले. शेती व अन्न या खात्यांच्या मंत्र्यांना मंत्रिमंडळात स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी क्रिशेल डाउन येथील जमिनीच्या प्रकरणात आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांच्या वर्तनाची जबाबदारी स्वीकारून डग्डेल यांनी राजीनामा दिला. १९५५ मध्ये शेती व अन्न ही खाती एक करण्यात आली. खात्यांवर समन्वयक बसवण्याऐवजी खातीच एकत्र करण्याचा हा मार्ग पुढे एडवर्ड हीथ यांनी १९७० मध्ये अधिक मोठ्या प्रमाणावर अवलंबला. गृहनिर्माण, स्थानिक शासन, वाहतूक व सार्वजनिक बांधकाम यांचे एकच पर्यावरण खाते झाले. त्यातून वाहतूक १९७६ मध्ये पुन्हा वेगळी निघाली, म्हणजे एकत्रीकरणालाही मर्यादा होत्या.

मंत्री आणि स्वायत्त महामंडळ यांच्या संबंधांचा हाच प्रश्न भारतात मुंदडा प्रकरणाने उपस्थित केला. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी १९५८ मध्ये मुंबईत जाहीरपणे केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा निष्कर्ष छागला यांनी काढला. सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कारभारात हस्तक्षेप करू नये आणि करायचाच असेल तर निर्देश लेखी द्यावेत, अशी शिफारसही त्यांनी केली.