विमानाला खिडक्या कशाला?

मामा प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पावसाळ्याआधी गोव्यातल्या माशेलच्या घरातली पेटी उन्हात काढली, तेव्हा दुकानाच्या जुन्या चोपडीची आठ पानं हाती लागली. हिशेबाच्या पाठकोऱ्या बाजूंवर चित्रं होती. डिसेंबर १९६१ची. मामा तेव्हा सहा वर्षांचे.

१८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि पोर्तुगिजांनी बाणस्तारीचा पूल उडवला. एका पानावर तोच पूल आहे, मधोमध तुटलेला. खाली खाडी, खाडीत मासे. आता त्या गढूळ पाण्यातले मासे काठावरून कुणाला दिसणार? ट्रकची चारही चाकं एकाच बाजूला आणि पत्र्याआड बसलेले सैनिक थेट पायांसकट! जॉर्ज-आंरी ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली याला ‘बौद्धिक वास्तववाद’ म्हटलं. नाव जड आहे, गोष्ट साधी. मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं.

घरी करून बघा. कपाचा कान मागे लपेल असा कप ठेवा आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला तो काढायला सांगा. बहुतेक वेळा कान चित्रात येतोच. नॉर्मन फ्रीमन यांनी १९७२ साली हा प्रयोग मांडला. आठेक वर्षांची मुलं मात्र न दिसणारा कान गाळू लागतात.

दुसऱ्या पानावरचं विमान घराहून मोठं आहे. त्या दिवशी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते, त्यामुळे मी लगेच म्हणालो, “भीती! भीती वाटते ते मुलं मोठं काढतात.” मामा हसले. “म्हाका ताका जनेलां काडपाचीं आशिल्लीं रे!” विमानाला खिडक्या काढायच्या होत्या, एवढंच. बसला असतात, मग विमानाला नकोत? आकारावरून भीती मोजण्याचे प्रयोग पुष्कळ झाले, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आत तपशील भरायचा असला तरी मुलं आकृती मोठी काढतात. चित्र म्हणजे काही थर्मामीटर नव्हे.

चित्र काढत बोलणारं मूल मात्र जास्त सांगतं. न्यूझीलंडच्या ज्यूलियन ग्रॉस आणि हार्लीन हेन यांनी १९९८ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आनंदाचे, दुःखाचे, भीतीचे प्रसंग विचारले. चित्र काढत सांगणाऱ्यांनी नुसतं सांगणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट माहिती दिली. सत्तरीतल्या माणसाला हा निष्कर्ष लावता येणार नाही, पण पुलावर बोट ठेवून मामा तासभर बोलत होते, हे खरं.

आठांपैकी पाच पानांवर लढाईच नाही. माड, गाय, देवळाचा रथ. तेरेझिनच्या नाझी छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस मुलांना चित्रकला शिकवत. तिथली सुमारे ४,५०० चित्रं वाचली, आणि त्यांतही घरं, फुलं, फुलपाखरं आहेतच.

शाईचं निळं आभाळ पार उडालंय. पेन्सिल तशीच आहे, कारण ग्राफाइट म्हणजे कार्बन, त्याचा रंग उडत नाही. कसरीने कडा कुरतडल्या, मासे सोडले. “यातच पुढचा प्राणिशास्त्रज्ञ दिसतो,” असं मी म्हणून पाहिलं. “मासे काढणारी सगळी पोरं प्राध्यापक झाली असती तर बाजारात मासे विकायला कोण बसलं असतं?” मामांनी चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ धरलं. “हा शेवटा जातीचा मासा दिसतोय. पाठीवर दोन पर हवेत. मी एकच काढलाय.”