छत्रीधारी सैनिकांची १४५ किलोची तोफ

विमानातून छत्रीने उतरणारे सैनिक शत्रूच्या मुलखात काही मिनिटांत पोहोचतात, पण त्यांच्या पाठीशी तोफखाना नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ७५ मिलिमीटर व्यासाची नेहमीची मैदानी तोफ एक टनाहून जड असे. जर्मनीच्या ऱ्हाइनमेटाल कंपनीने त्याच व्यासाची ‘एलजी ४०’ ही तोफ अवघ्या सुमारे १४५ किलोंत बसवली. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावरील हवाई हल्ल्यात ती वापरली गेली.

हे वजन कोठून घटले, हे समजण्यासाठी तोफ मुळात जड का असते ते पाहावे लागते. या तोफेचा सुमारे ५.८ किलोचा गोळा सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढाच संवेग (वस्तुमान गुणिले वेग) तोफेला उलट दिशेने मिळतो. १४५ किलोच्या तोफेने तो सगळा स्वीकारला असता, तर ती ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने मागे फेकली गेली असती. नेहमीच्या तोफेचा भक्कम गाडा आणि धक्का शोषणारी यंत्रणा या एकाच कामासाठी असतात, आणि बरेचसे वजन त्यांचेच असते.

अमेरिकी नौदलातील अधिकारी क्लीलंड डेव्हिस यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गोळ्याइतकेच वजन मागे उडवून हा धक्का नाहीसा केला होता. ‘एलजी ४०’मध्ये ते काम वायूवर सोपवले गेले. काडतुसाच्या बुडाशी प्लॅस्टिकची चकती असे. आतला दाब पुरेसा वाढेपर्यंत ती टिके, मग फुटे आणि तप्त वायू मागच्या निमुळत्या तोंडातून बाहेर पडे. वायूचा वेग गोळ्याच्या कित्येक पट असल्याने त्याचे थोडे वस्तुमानही गोळ्याचा संवेग तोलण्यास पुरते. माझ्या मते या रचनेतील खरी बुद्धिमत्ता येथे आहे.

मात्र दारूची बरीच ऊर्जा मागे वाया जात असल्यामुळे प्रत्येक गोळ्यामागे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक दारू लागे, आणि तीही विमानातूनच आणावी लागे. मागे झेपावणाऱ्या ज्वाळेच्या टप्प्यात कोणी उभे राहू शकत नसे. तिने उडवलेल्या धुळीमुळे तोफेची जागाही शत्रूला लगेच कळे. शिवाय वायूच्या माऱ्याने मागचे तोंड झिजत जाई आणि ते झिजले की धक्क्याचा तोल बिघडे.

१९६५ च्या युद्धात खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी जीपवरून पॅटन रणगाडे फोडले, ती रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) तोफही याच तत्त्वावर चालणारी होती.