वॉरगेमिंग : प्राचीन व मध्ययुगीन

प्राचीन आणि मध्ययुगीन सैन्यांचे छोटे पुतळे टेबलावर मांडून, फासे, मोजपट्टी आणि छापील नियमांच्या आधारे दोघांनी खेळायचा युद्धखेळ. सुमेरच्या नगरराज्यांपासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची, म्हणजे बंदूक रणांगणावर वरचढ होण्याआधीची सैन्ये यात येतात. घरगुती डाव, ऐतिहासिक लढाईची पुनर्मांडणी आणि स्पर्धा असे या खेळाचे तीन प्रकार आहेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः स्पर्धेविषयी आहे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंच्या सोंगट्या सारख्याच असतात. इथे एकाकडे हत्ती आणि धनुर्धर, तर दुसऱ्याकडे चिलखती सरदार असू शकतात, मैदान दर डावाला बदलते आणि भरीला फासा असतो. एवढी विषमता असताना लढत न्याय्य कशी ठेवायची, याची खटपट म्हणजेच या खेळाचा इतिहास.

युद्धखेळांचा उगम सहसा जर्मन राज्यांत दाखवला जातो. हेलविग याने 1780 मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर पलटणी आणल्या, आणि राइसविट्झ पितापुत्रांच्या खेळाला 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात मान्यता मिळाली. ती अधिकाऱ्यांची तालीम होती. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांसाठी नियम छापले, तेव्हा हा प्रकार दिवाणखान्यात आला. मात्र या सर्वांचा विषय तोफा-बंदुकांचे युद्ध हाच होता. रोमन आणि कार्थेजी सैन्ये टेबलावर आली ती इंग्लंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर. साउदम्प्टनचा डोनाल्ड फेदरस्टोन याने 1962 मध्ये युद्धखेळांवर जे पुस्तक काढले, त्यात टोनी बाथने बेतलेले प्राचीन काळाचे नियम होते. याच बाथने 1965 मध्ये ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ स्थापन केली. ‘स्लिंगशॉट’ हे तिचे नियतकालिक. त्यात एका अंकात नव्या पुतळ्यांचे परीक्षण, तर शेजारच्या पानावर मॅसिडोनी भाल्याच्या लांबीवरचा वाद, असा मजकूर येत राहिला. या खेळाची पुढची सगळी घडण त्या शेजारात आहे असे म्हणता येईल.

स्पर्धेला भक्कम पाया मिळाला तो ‘वॉरगेम्स रिसर्च ग्रुप’मुळे. फिल बार्कर, बॉब ओब्रायन आणि एड स्मिथ यांनी 1969 मध्ये प्राचीन युद्धांचे नियम छापले आणि पुढच्या दोन दशकांत त्यांच्या एकामागून एक सुधारित आवृत्त्या निघाल्या. एक पुतळा म्हणजे वीस माणसे हे त्यांचे प्रमाण होते. शस्त्र, चिलखत, रांगेची घट्ट किंवा विरळ बांधणी आणि सैनिकाचा दर्जा यांवरून तक्त्यात आकडा शोधायचा, किती माणसे पडली ते काढायचे, मग ती पलटण टिकते की पळते याची वेगळी चाचणी घ्यायची. नियम अभ्यासू होते, पण हिशेब फार. तीन-साडेतीन तास खेळूनही लढाई निकालाला न पोचणे ही नेहमीची रड होती.

ती कोंडी फोडली ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ने. फिल बार्कर, सू लाफ्लिन-बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांचे हे नियम 1990 मध्ये आले. खेळाडू त्यांना ‘डीबीए’ म्हणतात. यात प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या असतात. तुकडी म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या एका पट्टीवर चिकटवलेले दोन ते चार पुतळे, क्वचित एकच हत्ती. पंधरा मिलिमीटर उंचीच्या पुतळ्यांसाठी पट्टीची रुंदी 40 मिलिमीटर ठेवतात. मैदान दोन फूट लांब, दोन फूट रुंद. चाळीसेक पुतळ्यांत सैन्य उभे राहते आणि डाव तासाभरात संपतो. पण खरा बदल आकारात नव्हता. आधीचे नियम शिपायाच्या हातातली तलवार मोजत होते. डीबीए सेनापतीच्या नजरेने पाहते. टेकडीवर उभ्या सेनापतीला किती माणसे पडली ते कळत नाही. फळी पुढे सरकते आहे, मागे रेटली जाते आहे की फुटली, एवढेच दिसते. नियमांतही तेवढेच निकाल आहेत.

प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला खेळाडू एक फासा टाकतो. जेवढे दान पडेल तेवढ्याच हालचाली करता येतात. शेजारी शेजारी लागून उभ्या असलेल्या तुकड्या एका हालचालीत एकत्र सरकतात, फुटकळ विखुरलेल्या तुकड्यांना मात्र प्रत्येकी एक हालचाल खर्ची पडते. त्यामुळे लढाई पेटून रांगा मोडल्या की सैन्य हाताबाहेर जाऊ लागते. एकचे दान पडले की डाव्या बगलेला सावरायचे की उजवीकडचे घोडदळ आत घालायचे, यातले एकच निवडावे लागते. मोजक्या शब्दांत सैन्य चालवण्याची अडचण इतकी नेमकी पकडणारा दुसरा नियम या खेळात झालेला नाही.

हातघाईचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रोमन लीजनची, म्हणजे रोमच्या शिस्तबद्ध पायदळाची, तुकडी ‘पाते’ या वर्गात मोडते. पायदळाविरुद्ध तिचा अंक 5. समोर ग्रीक भालाईत आहेत, त्यांचा अंक 4. दोघेही फासा टाकून आपापल्या अंकात दान मिळवतात. ज्याची बेरीज कमी, तो एक पाऊल मागे हटतो. बेरीज निम्मी किंवा त्याहून कमी झाली तर तुकडी नष्ट. भालाइतांना एकचे दान पडले तर त्यांचे झाले 5, म्हणजे त्यांना संपवायला रोमनांना 10 हवेत, अर्थात पाच किंवा सहाचे दान. आता रोमनांची आणखी एक तुकडी भालाइतांच्या कडेला बाहेरून ओव्हरलॅप करून उभी राहिली तर भालाइतांचा एक अंक कमी होतो. त्याच एकच्या दानावर त्यांची बेरीज 4 होते आणि रोमनांना तीनचे दानही पुरते. आणि बगलेवर शत्रूची पुढची कड थेट भिडलेली असेल तर नुसते मागे हटणेही नाशाला कारण होते. म्हणजे फासा नशिबाचा असला तरी तो कोणत्या परिस्थितीत टाकायचा हे खेळाडूच्या हातात राहते. चार तुकड्या गमावल्या, किंवा सेनापती पडला, की बहुधा डाव संपतो.

याच बीजातून 1993 मध्ये ‘डी बेलिस मल्टिट्यूडिनिस’ म्हणजे ‘डीबीएम’ हे नियम निघाले. यात सैन्य मोठे, तीन-चार सरदारांत वाटलेले, आणि प्रत्येक सरदाराला वेगळा फासा. प्रत्येक तुकडीला तिच्या कुवतीप्रमाणे किंमत असते आणि ठरलेल्या बेरजेत सैन्य बसवावे लागते. 400 गुणांचे सैन्य आणि सहा फूट बाय चार फुटांचे टेबल हा रुळलेला घाट. पुढे 15 वर्षे स्पर्धांवर डीबीएमचे राज्य होते.

गुणांपेक्षाही महत्त्वाची असते सैन्ययादी. खेळाडूला वाटेल ते सैन्य उभारता येत नाही. कोणत्या राज्याच्या, कोणत्या कालखंडातल्या सैन्यात कोणत्या प्रकारच्या तुकड्या कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे छापील यादीत ठरलेले असते. डीबीएमच्या याद्या चार भागांत विभागल्या होत्या : इ. स. पू. 3000 ते 500, तिथून इ. स. 476, तिथून 1071 आणि तिथून 1500. एकेका यादीमागे शिलालेख, इतिवृत्ते, थडग्यांवरची शिल्पे यांचा अभ्यास असतो. इतिहासकाराला ‘सैन्यात काही हत्ती होते’ असे लिहून पुढे जाता येते. यादी करणाऱ्याला ते चालत नाही. त्याला शून्य ते दोन की दोन ते सहा, हे सांगावेच लागते. हत्तींचा आकडा एकाने वाढला की कुठल्या तरी स्पर्धेचा निकाल फिरतो, म्हणून खेळाडू मूळ साधनांपर्यंत जाऊन भांडतात. डंकन हेडसारखे व्यासंगी अभ्यासक या वर्तुळातूनच पुढे आले. मॅसिडोनी आणि प्यूनिक युद्धांतल्या सैन्यांवरचा त्याचा 1982 चा ग्रंथ विद्यापीठाबाहेर राहून केलेल्या संशोधनाचा उत्तम नमुना आहे. या खेळाची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे या याद्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र ज्या स्पर्धेने हा अभ्यास घडवला तिनेच त्याला वाकवलेही. यादीतले स्वस्त आणि मस्त ते सर्व घ्यायचे, सक्तीचे तेवढे किमान ठेवायचे, अशा रीतीने बेतलेले सैन्य कागदावर कायदेशीर असते, पण तसे सैन्य कधी रणात उतरले असेल याची शंका येते. डीबीएमच्या काळात रोमन साम्राज्याच्या अखेरच्या दशकांतले सैन्य फार लोकप्रिय झाले, कारण त्याच्या यादीत लीजन, रानटी टोळ्यांचे घोडेस्वार, हलके स्वार असे सारेच मिळत होते. दुसरा दोष भूमितीचा. पट्टी जराशी तिरकी ठेवली की समोरच्याला नीट भिडता येत नाही, अशा क्लृप्त्या निघाल्या, आणि मिलिमीटरवरून पंचाला बोलावण्याची पाळी येऊ लागली. बार्कर यांची वाक्ये अतिशय गोळीबंद असतात. एकेका स्वल्पविरामावर निकाल अवलंबून असल्यामुळे वॉशिंग्टन परिसरातल्या डीबीए खेळाडूंनी सचित्र मार्गदर्शिका तयार केली, ती मूळ नियमांहून जाड भरली.

तिसरा आक्षेप जुनाच : खुल्या स्पर्धेत असिरियाचे रथ पंधराव्या शतकातल्या बर्गंडीच्या चिलखती स्वारांपुढे उभे ठाकतात. दोन हजार वर्षांचे अंतर असलेल्या सैन्यांची लढत ऐतिहासिक कशी म्हणायची? यावर उतारा म्हणून कालखंड किंवा प्रदेश बांधून दिलेल्या स्पर्धा सुरू झाल्या. उदाहरणार्थ, फक्त अलेक्झांडरच्या वारसांची राज्ये आणि त्यांचे शेजारी. अशा स्पर्धांत खेळ अधिक खुलतो, कारण समोर जे सैन्य येते त्याच्याशी लढण्यासाठीच आपले सैन्य इतिहासात घडलेले असते. सोसायटी ऑफ एन्शंट्स तर दरवर्षी एकच लढाई निवडते आणि ब्लेचलीजवळ एका दिवसात तीच लढाई वेगवेगळ्या नियमांनी अनेक टेबलांवर खेळली जाते. तिथे हारजीत गौण असते. कोणते नियम लढाईच्या ज्ञात वृत्तांताजवळ जातात ते पाहायचे असते.

स्पर्धेच्या फेऱ्या बहुधा स्विस पद्धतीने होतात, म्हणजे पुढच्या फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. एका बाजूला दोघांनी मिळून खेळण्याच्या जोडीस्पर्धा इंग्लंडमध्ये विशेष आवडीच्या. ब्रिटिश हिस्टॉरिकल गेम्स सोसायटीचे अनेक वर्षे मँचेस्टरमध्ये भरलेले ब्रिटकॉन, अमेरिकेतले हिस्टॉरिकॉन आणि कॅनबेरामध्ये दर जानेवारीत भरणारे कॅनकॉन हे मोठे मेळावे. पुतळे रंगवलेलेच हवेत असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो. हे काम खेळाइतकेच वेळखाऊ आहे : कथील-शिशाच्या मिश्रधातूचा पुतळा घासून त्यावर अस्तर द्यायचे, कपडे, कातडी आणि पोलाद वेगळे रंगवायचे, पातळ काळपट रंग खोबणींत उतरवून सावल्या आणायच्या आणि शेवटी पट्टीवर वाळू व गवताचा भुसा चिकटवायचा. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना जी हौस असते तीच इथे प्रौढ वयात, बारीक कुंचल्याने पुरवली जाते.

फिल्ड ऑफ ग्लोरी हे नियम 2008 मध्ये आल्यावर डीबीएमचे खेळाडू विखुरले. काही बार्कर यांच्या सुधारित आवृत्तीकडे, काही नव्या नियमांकडे गेले. पुढे हर्वे काय या फ्रेंच खेळाडूच्या ‘लार द ला गेर’ या नियमांनी बऱ्याच जणांना पुन्हा एका टेबलाशी आणले. त्यात 200 गुणांचे सैन्य आणि 120 बाय 80 सेंटिमीटरचे टेबल लागते, म्हणजे डीबीए आणि डीबीएम यांच्या मधला आकार. बॉडली स्कॉट यांनी 2017 मध्ये संगणकावरची ‘फिल्ड ऑफ ग्लोरी 2’ तयार केली आणि घरबसल्या स्पर्धा खेळणारा वेगळाच वर्ग निर्माण झाला.

भारतीय सैन्यांना या खेळात पहिल्यापासून स्थान आहे. अलेक्झांडर आणि पोरस यांची इ. स. पू. 326 मधली झेलमची लढाई हा तर पेटंट डाव. हत्ती, रथ, स्वार, पायदळ अशा चतुरंग सेनेमुळे हे सैन्य टेबलावर देखणे दिसते आणि चालवायला अवघड जाते, कारण चारही अंगांचा वेग वेगळा. ग्रीक इतिहासकार एरियनने वर्णिलेला भारतीय धनुर्धर पुरुषभर उंचीचे धनुष्य जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबतो, आणि जवळ दोन्ही हातांनी चालवायची रुंद तलवारही बाळगतो. त्याला नुसता तिरंदाज धरायचा की हातघाईत टिकणारा? या एका निर्णयावर पूर्ण सैन्याचा स्वभाव बदलतो.

एवढे असूनही भारताच्या याद्या ढोबळ राहिल्या आहेत. बार्कर परंपरेत इ. स. पू. 500 ते इ. स. 545 पर्यंतच्या काळासाठी मुख्य यादी एकच. सातवाहन आणि वाकाटक तिच्यातच. पुढच्या जवळजवळ हजार वर्षांची दुसरी. चालुक्य, राष्ट्रकूट आणि देवगिरीचे यादव तिच्या पोटात. युरोपात एकेका सरदारघराण्याला स्वतंत्र यादी मिळते, तिथे हा हिशेब फारच तोकडा आहे. साधने नाहीत असेही नाही. सांचीच्या तोरणांवर वेढ्याचे दृश्य आहे, गावोगावच्या वीरगळांवर ढाल-तलवारीचे पायदळ आणि स्वार कोरलेले आहेत, आणि बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर हत्तींसह जमिनीवरची लढाई आणि वल्ह्यांची जहाजे दोन्ही आहेत. परंपरेने ती शिलाहार-यादव संघर्षाची मानतात. मराठी वाचता येणाऱ्या अभ्यासकाने यादवांची स्वतंत्र यादी करायला घेतली, तर या शिळांपासून सुरुवात करता येईल.

शिवकालीन सैन्य मात्र या स्पर्धांच्या कक्षेत येत नाही. 1500 ची सीमा ओलांडली की बंदुकांचे युग सुरू होते आणि त्यासाठी ‘डीबीआर’सारखे वेगळे नियम व वेगळ्या स्पर्धा आहेत.